सोशल वर्कमध्ये फील्डवरून टीम लीड होताय? तयारीची यादी (आणि आधी केसेस द्या)

मागच्या वेळी मी हे सगळं उलटं केलं. एका सोमवारी ऑर्डर आली, पुढच्या सोमवारी मी टीम लीड, मधले दिवस अभिनंदनाचे मेसेज आणि कपाट आवरण्यात गेले आणि जे करायला हवं होतं ते राहिलंच. म्हणून ही यादी.

पगार, सुट्ट्या वगैरे तुम्ही बघालच. ऑर्डर हातात आली की आधी हे लेखी घ्या की कुठल्या निर्णयावर तुमची सही चालते आणि कुठला वर पाठवायचा. मूल घरातून हलवायचं, केस बंद करायची, तातडीचा खर्च करायचा, ह्या तिन्हींचं उत्तर पहिल्या दिवशी माहीत हवं, कारण ऑफिस सुटताना कोणीतरी दारात उभं राहून हेच विचारणार आणि वरचे साहेब नेमके तेव्हाच फोन उचलणार नाहीत.

आता मेन गोष्ट. स्वतःच्या केसेस, म्हणजे तुमच्याकडे असलेली कुटुंबं, दुसऱ्या वर्करना देऊन टाका. सगळ्या. "ही तर संपतच आलीय", "ती माझ्याशिवाय कोणाशी बोलत नाही", "दोन महिन्यांचाच प्रश्न आहे" ही तिन्ही कारणं मी स्वतःलाच दिली होती. कागदावर केसेस दुसऱ्यांच्या नावावर गेल्या, फोन मात्र मलाच येत राहिले आणि मी उचलत राहिले, खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. एका गुरुवारी रात्री त्यातल्या एकीचा फोन, नवरा परत आलाय, पिऊन आहे. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता बहिणीकडे जा, उद्या बघू. ती गेली, मी झोपले. नोंद नाही, नवीन वर्करला निरोप नाही, सकाळी मी बजेटच्या मीटिंगला. अकरा वाजता ती नवीन वर्कर पोरगी ठरलेल्या व्हिजिटला त्या घरी एकटी गेली आणि दार त्याने उघडलं. काही झालं नाही, ती उंबऱ्यावरूनच मागे फिरली. ऑफिसला आल्यावर आरडाओरडा नाही काही नाही, फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ताई, ही केस नक्की कोणाची आहे?"

तर केस देणं म्हणजे फाईल देणं नाही हो. जोडीने व्हिजिट करा, निदान दोन. पहिलीत तुम्ही बोला, दुसरीत तोंड बंद, घरच्यांना नवीन माणसाकडे बघून बोलायची सवय लागू दे. "काही लागलं तर मी आहेच" असं चुकूनही म्हणू नका, माझी सगळी गडबड त्या एका वाक्यातून झाली. फाईलमध्ये नसलेलं सगळं लिहून द्या: मुलगा बापासमोर बोलत नाही, शाळेत गाठायचं. आजी मान हलवते त्याचा अर्थ होकार नाही. खालच्या मजल्यावरची बाई खरं सांगते पण तिचं नाव कुठेही येता कामा नये. आणि कुत्रा, कुत्र्याचं सांगायला मी विसरले होते, ते वेगळंच रामायण. ऑफिसचा नंबर केसबरोबर जाऊ दे. पर्सनल नंबर दिला असेल तर (दिलेला असतोच) त्यावर फोन आला की एकच उत्तर, आता ह्यांना फोन करा, आणि लगेच नोंद.

टीममधल्या प्रत्येकाशी पहिल्या मीटिंगच्या आधी एकेकटं बोला, ह्याच पोस्टसाठी ज्याने अर्ज केला होता त्याच्याशी सगळ्यात आधी. साहेबांना शिव्या घालायच्या ग्रुपमधून बाहेर पडा, आता त्या शिव्या तुम्हालाच आहेत.

तुमची सुपरव्हिजन (वरिष्ठाबरोबर नियमित बसून केसेसवर आणि कामावर बोलणं) कोण घेणार ते ठरवून तारीख टाका, नाहीतर कोणीच घेत नाही. तुम्ही जी द्याल तिच्याबद्दल एवढंच, की सोशल वर्कचे अभ्यासक आल्फ्रेड कदुशिनने १९७६ मध्ये सुपरव्हिजनची तीन कामं मांडली, प्रशासकीय, शिकवण्याचं आणि आधार देण्याचं, आणि कामाचा रेटा आला की पहिलं उरतं, बाकीची दोन गायब होतात. किती व्हिजिट झाल्या, किती रिपोर्ट राहिले, चला पुढचा. मी हेच केलं. दुसरं म्हणजे हॅरॉल्ड सर्ल्स ह्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ मध्येच लिहून ठेवलंय की पेशंट आणि थेरपिस्टमध्ये जे चाललेलं असतं ते सुपरव्हिजनमध्येही नकळत उतरतं. आपल्याकडे हे रोज दिसतं. वर्कर समोर बसून म्हणते, सगळं करून बघितलं, काहीच होत नाही, आणि तुम्हाला लगेच पाच उपाय सुचायला लागतात. थांबा. ती त्या घरात जाऊन हेच करत असणार. गप्प बसा, विचारा, तिथून निघालीस तेव्हा कसं वाटत होतं? आणि हो, ती केस स्वतःकडे घेऊ नका. आत्ताच आपल्या दिल्यात ना? मग दुसऱ्याची कशाला?

केसेस वाटताना नुसते आकडे मोजू नका, कोर्टात चाललेली एक केस दहा शांत फॉलोअपना भारी असते. कोण कुठे व्हिजिटला गेलंय, किती वाजता परत येणार आणि नाही आलं तर कोण फोन करणार, हे बोर्डावर लिहा, माझ्या गुरुवारनंतर आम्ही लिहायला लागलो, आधी लिहायला काय झालं होतं देव जाणे.

पहिला महिना: तक्रार आली तर काय करायचं ती प्रक्रिया वाचून ठेवा, रजेचं वेळापत्रक, बजेटचा एक्सेल कोणाकडून तरी शिकून घ्या. लगेच काही बदलायला जाऊ नका. संध्याकाळी घरी जाताना आज आपण कोणासाठी काहीच केलं नाही असं वाटेल, बरेच दिवस वाटेल, आणि नेमकं तेव्हाच जुन्या घरातून फोन येईल.

उचललात तरी आधी नोंद करा. आणि जिची केस आहे तिला कळवा, त्याच रात्री, सकाळी नाही.