मोकुसो आणि झानशिन: मन कसं बसवायचं

केंदो (जपानी तलवारबाजी) किंवा इआइदो (म्यानातून तलवार उपसण्याची जपानी कला) यांच्या सरावात बसताना डावा गुडघा आधी टेकवा. उठताना उजवा पाय आधी पुढे येतो. पाठ ताठ, पायांचे अंगठे एकमेकांना टेकलेले. ही सेइझा, म्हणजे गुडघे मुडपून टाचांवर बसण्याची जपानी बैठक.

‘मोकुसो’ (शांत बसून ध्यान करा) असा पुकारा झाला की उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवून अंगठ्यांची टोकं हलकेच जुळवा. हा लंबगोल बेंबीखाली धरायचा. अंगठे घसरले तर डुलकी लागतेय, एकमेकांवर दाबले गेले तर मन ताणात आहे; शिक्षकाला हे लांबूनही दिसतं. डोळे अर्धे मिटलेले. श्वास नाकाने घ्या, सोडताना दुप्पट वेळ लावा. खांदे वर जात असतील तर श्वास छातीतच अडकतोय, तो ओटीपोटापर्यंत उतरू द्या. विचार थांबवायचा खटाटोप नको, त्याने ते वाढतातच. श्वास मोजा, चुकलात की पुन्हा एकपासून. एखादं मिनिट पुरे. पाय बधिर झाले असतील तर लगेच उठू नका, घोटा मुरगळतो; आधी चवडे टेकवून थांबा.

खरी कसोटी पुढेच आहे. केंदोच्या सामन्यात फटका अचूक बसला, पण नंतरची सावधता म्हणजे झानशिन नसेल, तर गुण मिळत नाही. आनंदाने मूठ उंचावली तर दिलेला गुणही रद्द होऊ शकतो. म्हणून सरावातसुद्धा फटक्यानंतर थबकू नका: पुढे निघून जा, वळा, शिनाईचं (बांबूच्या तलवारीचं) टोक प्रतिस्पर्ध्याच्या गळ्याकडे रोखा.