आजोबा तोफखान्यात होते एवढंच माहितीय? त्यांच्या रेजिमेंटची कुंडली अशी काढा

आमच्या घरी वर्षानुवर्षं एकच वाक्य फिरायचं, आजोबा आर्टिलरीत होते. कुठल्या रेजिमेंटला, असं विचारलं की काका म्हणायचे, अरे आर्टिलरी हीच रेजिमेंट. आणि ते अगदी चूकही नव्हते, पहिला घोळ तिथेच आहे. तोफखान्यात रेजिमेंट शब्दाचे दोन अर्थ. एक म्हणजे अख्खा तोफखाना, रेजिमेंट ऑफ आर्टिलरी, आणि दुसरा म्हणजे नंबर असलेलं एक युनिट, म्हणजे अमुक फील्ड रेजिमेंट, तमुक मीडियम रेजिमेंट (फील्ड, मीडियम, माउंटन हे तोफांवरून पडलेले प्रकार). आपल्याला शोधायचंय ते हे दुसरं. टोपीवरचा बिल्ला बघून ते कळत नाही, कारण बिल्ला सगळ्यांचा एकच, तोफ आणि 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल' हे ब्रीद. मी त्या बिल्ल्याचा फोटो मोठा करकरून दोन रविवार घालवलेत, तुम्ही नका घालवू.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, जुनी पत्रं. यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे आर्मी नंबर, तो आधी वहीत उतरवा. आजोबा नायब सुभेदार किंवा त्याच्या वर गेले असतील तर त्यांचे नंबर दोन असतात, जवान असतानाचा वेगळा आणि जेसीओ (नायब सुभेदार आणि वरचे हुद्दे) झाल्यावरचा जेसीने सुरू होणारा वेगळा, त्यामुळे दोन कागदांवर दोन नंबर दिसले तर माणूस दुसरा आहे असं समजू नका. पत्रांवर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस) असा पत्ता असतो, त्यातून गाव कळत नाही पण त्याच्याच वरच्या ओळीत युनिटचं नाव असतं, आणि पोस्टाचा शिक्का वाचता आला तर तारीखही मिळते. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, युनिटच्या जागी मात्र बहुतेक वेळा नुसतं आर्टिलरी, तेव्हा तिथून फार आशा नको. पण मेडल कुठलं ते बघा, समर सेवा स्टार म्हणजे १९६५, पूर्वी किंवा पश्चिमी स्टार म्हणजे १९७१, म्हणजे आजोबा साधारण कुठल्या आघाडीला होते ते कळतं.

नंबर मिळाला की तोफखान्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं, ते नाशिक रोड कॅम्पला आहे. नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि निवृत्तीचं साल, तुमचं नातं आणि नात्याचा पुरावा, एवढं एका पानात बसवा, आजोबांच्या शौर्याच्या गोष्टी त्यात लिहू नका. उत्तर आलं नाही तर आरटीआय आहेच, फी १० रुपये, पण आधी साधं पत्र. मागायचं काय तर कुठल्या युनिटला कधीपासून कधीपर्यंत, एवढंच. कारण एकच माणूस नोकरीत चार युनिट फिरलेला असू शकतो आणि घरच्यांच्या लक्षात फक्त शेवटचं राहतं.

आता खरी वंशावळ. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तोफखान्यात वंश बॅटरीचा, म्हणजे रेजिमेंटमधल्या काही तोफांच्या तुकडीचा चालतो, रेजिमेंटचा नंबर नंतरचा. रेजिमेंटमध्ये साधारण तीन बॅटऱ्या असतात आणि प्रत्येकीला स्वतःचा नंबर असतो. बॅटऱ्या एका रेजिमेंटमधून दुसरीत हलवल्या जातात, सुनेसारख्या घर बदलतात पण आपला जुना इतिहास सोबत नेतात. तोफखान्याचा गनर्स डे २८ सप्टेंबरला असतो तो याच्याचमुळे. १८२७ मध्ये त्या तारखेला बॉम्बे फूट आर्टिलरीत गोलंदाजांची, म्हणजे हिंदी तोफचींची एक कंपनी उभी राहिली, तीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली, आणि नंतर ५७ फील्ड रेजिमेंटमध्ये गेली. म्हणजे रेजिमेंट विसाव्या शतकातली पण तिच्यातली एक बॅटरी १८२७ ची. आता कोणी म्हणालं आमचं युनिट दोनशे वर्षांचं तर ते खरं की खोटं? विचारा, रेजिमेंट की बॅटरी.

हवालदार उमराव सिंग यांचंच बघा, १९४४ च्या डिसेंबरमध्ये बर्मात कलादान खोऱ्यात झालेल्या लढाईसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची बॅटरी ३३ माउंटन आणि रेजिमेंट ३० माउंटन. नुसतं ३० किंवा नुसतं ३३ धरून बसलात तर शोध भरकटलाच म्हणून समजा. नोंद करताना दोन्ही आकडे आणि साल एकत्रच लिहा.

नावं बदलतात त्याचा एक छोटा तक्ता जवळ ठेवा. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी लोकांच्या हातातला बहुतेक तोफखाना मोडून टाकला, थोड्या माउंटन बॅटऱ्या तेवढ्या ठेवल्या, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या बॅटऱ्या रॉयल आर्टिलरीत गेल्या. त्यामुळे बॉम्बे आर्टिलरी असं कुठे दिसलं की तो धागा इंग्लंडलाही जाऊ शकतो हे लक्षात असू द्या. मग १५ जानेवारी १९३५ ला बंगळुरूला ए फील्ड ब्रिगेड उभी राहिली, हिंदी जवानांची पहिली फील्ड रेजिमेंट. तेव्हा ब्रिगेड म्हणजे आजची रेजिमेंट, आजची ब्रिगेड नव्हे, यात भलेभले फसतात. एकूण तोफखान्याचं नाव १९४० ला रेजिमेंट ऑफ इंडियन आर्टिलरी, १९४५ ला त्याच्यापुढे रॉयल लागलं आणि १९५० ला प्रजासत्ताक झाल्यावर ते गेलं. कागदावर साल नसेल तर नावावरून काळ ओळखता येतो तो असा.

१९४७ ला रेजिमेंटा वाटल्या गेल्या, काही पाकिस्तानात गेल्या, आणि कधी युनिट एकीकडे तर त्यातले जवान जातीधर्मानुसार दुसरीकडे असं झालं. आजोबांचं १९४६ चं युनिट भारताच्या यादीत सापडत नसेल तर आधी हे तपासा. संस्थानांचाही तोफखाना होता, ग्वाल्हेरची माउंटन बॅटरी, बिकानेरची बिजय बॅटरी, या नंतर भारतीय तोफखान्यात आल्या. मराठी घरांसाठी खास सांगायचं तर दुसऱ्या महायुद्धात इटलीत ८ व्या इंडियन डिव्हिजनबरोबर ४ मराठा अँटी टँक रेजिमेंट होती, ती तोफखान्याची, तेव्हा आजोबा मराठा होते असं घरात म्हणत असतील तर ते इन्फंट्रीत म्हणजे पायदळातच होते असं गृहीत धरू नका.

मग प्रकार बदलतो. माउंटनची फील्ड होते, फील्डची मीडियम होते, कारगिलनंतर १५५ मिलिमीटरच्या तोफांकडे कल गेल्यावर तर हे खूपच झालं. नंबर तोच राहून मधला शब्द बदलला तर बहुतेक वेळा युनिट तेच असतं. एअर डिफेन्सवाल्यांचं मात्र वेगळं, १९९४ पर्यंत ते तोफखान्यातच होते आणि मग त्यांची स्वतंत्र कोअर झाली, म्हणून जुन्या एअर डिफेन्स रेजिमेंटचा आजचा पत्ता तोफखान्यात शोधून सापडणार नाही. एअर ओपीचं, म्हणजे विमानातून तोफांच्या माऱ्यावर नजर ठेवणाऱ्यांचं तसंच, ते १९८६ ला आर्मी एव्हिएशनमध्ये गेले.

नावापुढे कंसात असल उत्तर किंवा कारगिल असं दिसतं त्याला ऑनर टायटल म्हणतात, त्या लढाईतल्या कामगिरीबद्दल नंतर मिळालेलं. १९६२ च्या कागदावर ते नसणारच. आणि रेजिमेंटला झेंडा नसतो, तोफांनाच निशाणाचा मान असतो, म्हणून झेंड्याच्या फोटोवरून शोधायला जाऊ नका.

महायुद्धाच्या काळातलं हवं असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये युनिटच्या वॉर डायऱ्या आहेत, बर्मासाठी डब्ल्यूओ १७२, इटलीसाठी डब्ल्यूओ १७० आणि मिडल ईस्टसाठी डब्ल्यूओ १६९ ही मालिका बघायची. आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. मला स्वतःला कागदांपेक्षा निवृत्त सुभेदार साहेब जास्त उपयोगी पडले, फक्त त्यांना सरळ इतिहास विचारू नका, युनिटचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस कधी असायचा आणि बडाखान्याला, म्हणजे युनिटच्या जेवणावळीला कुठली लढाई आठवायचे ते विचारा. रेझिंगची तारीख मिळाली की निम्मं काम झालं.

एक मोह टाळा. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता म्हणून आपल्या रेजिमेंटचा वंश तिथून ओढायचा, असे व्हॉट्सअॅप मेसेज फिरतात. अभिमान ठीक आहे पण गारद्यांपासून आजच्या एखाद्या बॅटरीपर्यंत कागदाची साखळी लागते का? नाही लागत. साखळीतली एखादी कडी नुसती ऐकीव असेल तर ती पेन्सिलने काढा, पक्की असेल ती पेनाने, माझ्या कागदावर अजून दोन रेघा पेन्सिलीच्याच आहेत. आणि हा कागद ग्रुपवर टाकताना युनिट सध्या कुठे आहे ते खोडा, ते आपल्या वंशावळीला लागतच नाही.