आन्सी आणि शामोनी ‘उरकायला’ निघालात? मग या चुका टाळा

“आम्ही जिनिव्हात दोन दिवस आहोत. त्यातल्या एका दिवसात आन्सी आणि शामोनी उरकता येईल ना?”

मार्च उजाडला की असे निरोप सुरू होतात. आन्सी म्हणजे तळ्याकाठचं शहर, शामोनी म्हणजे आल्प्सच्या शिखरांखालचं गाव, दोन्ही फ्रान्समध्ये. जिनिव्हाला खेटून, पण फ्रान्सच्या हद्दीत, आनमास नावाचं गाव आहे. तिथे मी नऊ वर्षं राहते आहे. त्यामुळे ओळखीच्यांची आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांची मी फुकटची गाईड. माणसं दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच.

तर उत्तर असं: हो, उरकता येईल. एका मुहूर्तावर चार लग्नांना हजेरी लावणारी माणसं आपल्याकडे आहेतच. फक्त कुठल्या मांडवात काय जेवलो ते त्यांना सांगता येत नाही.

एका दिवसात दोन्ही

जिनिव्हा ते आन्सी सुमारे ४० किलोमीटर, आन्सी ते शामोनी साधारण शंभर आणि शामोनीहून परत जिनिव्हा ऐंशीच्या आसपास. मोबाइलवरचा नकाशा सांगतो, सव्वातीन तासांचं ड्रायव्हिंग. आपला हिशोब लगेच तयार: बाकीचा दिवस हिंडायला मोकळा! नकाशाला पार्किंग शोधणं दिसत नाही, टोलनाका दिसत नाही, जुलै-ऑगस्टात आन्सीच्या तळ्याकाठी मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग दिसत नाही, आणि ‘मला सू लागली’ म्हणणारं पोर तर नाहीच नाही. आन्सीहून शामोनीला ट्रेनने जायचं म्हणाल तर दोन ठिकाणी गाडी बदला, अडीच तास तरी धरा.

पण खरी अडचण वेळेची नाहीच. शामोनी कधी बघायचं हे डोंगर ठरवतो. आन्सीचं तळं ढगाळ हवेतही छान दिसतं, शिखरं दिसत नाहीत. म्हणून दोन्ही ठिकाणं एकाच तारखेला बांधली की त्यातलं एक हमखास वाया जातं.

माझ्या मामेभावाने हेच केलं. तो, वहिनी, सहा वर्षांचा मुलगा आणि वहिनीचे वडील (त्यांना सगळेच अप्पा म्हणतात, वय अडुसष्ट). एग्विय द्यु मिदी, म्हणजे शामोनीच्या डोक्यावरचं ते सुळक्याचं स्टेशन, तिथली दुपारी बाराची तिकिटं त्याने दोन महिने आधी ठाण्यात बसून काढली होती. त्या दिवशी सकाळी आठला मी वरचा कॅमेरा उघडून दाखवला. पडद्यावर नुसतं पांढरं. म्हटलं, “अरे, आज तळ्यावर जाऊ, डोंगर उद्या.” तर म्हणतो, “ताई, तिकिटं काढलीयत!”

झालं. तिकिटं वसूल करायला गेलो.

शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. तिथून १९५५ साली सुरू झालेली केबलकार मधल्या एका टप्प्यावर डबा बदलून वीसेक मिनिटांत तुम्हाला वर नेऊन सोडते, आणि तिथून लिफ्टने ३,८४२ मीटरवर जाता येतं. लेह साडेतीन हजारावर आहे आणि तिथे विमानातून उतरल्यावर पहिला दिवस आपण पडून काढतो. इथे मात्र उतरल्या उतरल्या फोटोसाठी जिने चढायचे. श्वासातून मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी. मे महिना असूनही उणे सहा तापमान. भाऊ कॅनव्हासच्या बुटात, पोराच्या हातात मोजे नाहीत. अप्पा रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणारे, त्यामुळे “मला काही होत नाही” म्हणत दोन जिने तरातरा चढले आणि तिसऱ्याच्या पायरीवर बसले. डोकं गरगरतंय, मळमळतंय. मोंब्लां, आल्प्सचा सर्वांत उंच डोंगर, आमच्यासमोर होता म्हणे. आम्हाला समोरची रेलिंगसुद्धा धूसर दिसत होती.

अशा वेळी पाणी, लिंबाची गोळी, कापूर यांपैकी कशाचाही उपयोग नाही. खाली उतरायचं, बस्स. पुढच्याच डब्यातून अप्पांना घेऊन मी निघाले. २,३१७ मीटरवरच्या मधल्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत त्यांच्या तोंडावर रंग आला आणि गावात उतरल्यावर ते चहा कुठे मिळेल विचारायला लागले.

माझी पद्धत सांगते. एग्विय द्यु मिदीचं तिकीट मी आदल्या संध्याकाळी, हवामान बघून काढते. गर्दीच्या दिवसांत वेळ आरक्षित करावी लागते हे खरं, म्हणून त्या भागात किमान दोन दिवस ठेवते आणि त्यातला चांगला डोंगराला देते. सकाळची पहिली-दुसरी फेरी घेते, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात. जाताना मधल्या टप्प्यावर अर्धा तास रेंगाळते. वर गेल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच करत नाही. टोपी, हातमोजे, गॉगल ऑगस्टातही पिशवीत असतात. तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे वर नेऊच देत नाहीत, आणि सहा वर्षांच्यालाही मी नेणार नाही. त्याच्यासाठी मोंतांव्हेरची लाल दातेरी रेल्वे आहे, ती त्याला कितीतरी जास्त आवडते. साधारण नोव्हेंबरात ही केबलकार देखभालीसाठी काही आठवडे बंद असते, तेही तपासा.

दुपारी अडीचला जेवायला जाणं

वरच्या गोष्टीचा उत्तरार्ध. आम्ही खाली आलो तेव्हा अडीच वाजले होते. इथे स्वयंपाकघर बाराला उघडतं आणि दोनच्या सुमारास बंद होतं, मग तुम्ही कोण का असेना. चार ठिकाणी मान हलली. पाचव्या ठिकाणी नुसती आइस्क्रीम. बेकरीत उरलेल्या सगळ्या सँडविचांत हॅम. शेवटी गाडीत बसून माझ्या डब्यातले थेपले सहा जणांत वाटून खाल्ले (सहावा माझा नवरा, तो या सगळ्या काळात शांतपणे पार्किंगचे पैसे भरत होता).

शाकाहारी मंडळींसाठी आणखी. ‘इथलं सगळं चीजच असतं, आपल्याला चालेल’ हा समज मोडून घ्या. तार्तिफ्लेत म्हणजे बटाटा, कांदा आणि रब्लोशाँ चीज, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे लार्दाँ, असतातच. ‘सां लार्दाँ’ (लार्दाँशिवाय) म्हणून आधी विचारा. जिथे ताजी करतात तिथे मिळते, जिथे तयार ठेवलेली असते तिथे नाही. साव्वाच्या, म्हणजे या प्रांतातल्या, फोंद्युत (वितळवलेल्या चीजमध्ये) पांढरी वाइन असते. रब्लोशाँ घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी तेही धरून चला. क्रोझे नावाचे चौकोनी पास्त्याचे बारीक तुकडे मिळतात, बरेचदा कुट्टूच्या पिठाचे, ते चीज घालून मागवले तर पोट भरतं.

रब्लोशाँची गोष्ट मात्र सांगायला हवी. जुन्या काळी आराव्हीच्या डोंगरात जमीनमालक खंडासाठी दूध मोजायला आला की शेतकरी गाय पुरती पिळत नसत. तो गेला की दुसऱ्यांदा धार काढायची, आणि त्या सायीसारख्या दाट दुधाचं चीज. ‘रब्लोशे’ म्हणजे पुन्हा पिळणं. हे ऐकल्यावर अप्पा म्हणाले, “म्हणजे आपलेच की!”

मेर द ग्लासवर जाऊन निराश होणं

ही शामोनीची हिमनदी, नावाचा अर्थ ‘बर्फाचा समुद्र’. लोक पांढराशुभ्र काहीतरी बघायला जातात आणि खाली राखाडी दगडगोट्यांची दरी दिसते. “हेच का ते?” हेच ते. १९०९ मध्ये मोंतांव्हेरची रेल्वे वर पोहोचली तेव्हा हिमनदी स्टेशनच्या बऱ्याच जवळ होती. ती इतकी खचली की बर्फातल्या गुहेपर्यंत उतरायला पाचशेवर पायऱ्या झाल्या होत्या आणि २०२४ मध्ये त्यासाठी नवा रोपवे बांधावा लागला. वाटेत कुठल्या साली बर्फ कुठवर होता याच्या पाट्या आहेत. त्या वाचत सावकाश उतरा. माझ्या मते शामोनीत बघण्यासारखं सगळ्यात मोठं तेच आहे, पण रील बनवायला आलेल्यांना त्याचं काय!

तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालायला साध्या सायकली घेणं

आन्सीच्या तळ्याभोवतीची फेरी सुमारे ४० किलोमीटर. पश्चिमेचा काठ जुन्या रेल्वेमार्गावरून जातो, त्यामुळे सपाट. पूर्वेच्या काठाला चढ आहेत, आणि सायकल भाड्याने देणारा ते आपणहून सांगत नाही. जिला शेवटची सायकल कॉलेजात माहीत आहे तिने सपाट काठाने जाऊन द्युआं गावाचा जुना बोगदा पार करावा, पाण्यात पाय सोडून बसावं आणि आल्या वाटेने परतावं. ‘गोल पूर्ण केला’ म्हणून कोणी बिल्ला देत नाही.

पाण्यात काहीबाही टाकणं

हंसांना पाव नको. एका काकूंनी तर भाड्याच्या घरातल्या पूजेचं निर्माल्य पिशवीत घालून आणलं होतं, मी कसंबसं अडवलं. विसाव्या शतकाच्या मध्यात हे तळं सांडपाण्याने मरायला टेकलं होतं. १९५७ मध्ये काठावरच्या गावांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि तळ्याभोवती नळाचं कडं घालून सगळं सांडपाणी पलीकडच्या शुद्धीकरण केंद्रात वळवलं. आज शहर त्यातलं पाणी पितं.

बारीकसारीक

गावाला ‘ॲनेसी’ म्हणू नका, आन्सी.

दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’. थेट “हाऊ मच?” विचारलंत तर उत्तर मिळेल, पण थंड.

आन्सीत पाण्यात उभ्या त्या जुन्या दगडी तुरुंगाचा, पाले द लीलचा, फोटो हवा तर सकाळी आठच्या आत जा. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी जुन्या गावात बाजार भरतो: चीज हवं तर तेव्हा, फोटो हवा तर तेव्हा नाही.

जिनिव्हा विमानतळाच्या फ्रेंच बाजूने गाडी घेतलीत तर तिच्यावर स्विस व्हिन्येत (मोटरवेच्या कराचं स्टिकर) असेलच असं नाही. ४० फ्रँकचं ते स्टिकर नसताना स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर चढलात तर दंड २०० फ्रँक. नोव्हेंबर ते मार्च डोंगराळ भागात बर्फाचे टायर किंवा साखळ्या लागतात, हेही काउंटरवरच विचारून घ्या.

हिवाळ्यात आन्सी धुक्यात बुडालेलं असेल तर हॉटेलात बसू नका. आन्सीलगतच्या सेमनोझ डोंगरावर जा. वर बहुतेकदा लख्ख ऊन असतं आणि खाली ढगांचा समुद्र.

पासपोर्ट जवळ ठेवा. इथे रोज दोन-तीनदा देश बदलतो.

आणि रब्लोशाँ भारतात न्यायचा हट्ट करू नका. मऊ चीज हातातल्या सामानात ठेवलं तर सुरक्षा तपासणीत अडतं. मोठ्या बॅगेत ठेवलं तर काय होतं, ते अप्पांच्या खादीच्या जाकिटाला विचारा. तीन वेळा धुतलं, दोनदा उन्हात टाकलं, आता ते गॅलरीतच असतं.