गाडीत हॅम रेडिओ बसवताना या चुका टाळा

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा परवाना मिळाल्यावर बहुतेक जण आधी पाच वॉटचा हँडसेट वापरतात. घाटात किंवा खोऱ्यात त्याची मर्यादा लक्षात आली की गाडीत ५० वॉटचा व्हीएचएफ (अति उच्च फ्रिक्वेन्सीवर चालणारा) संच बसवण्याचा विचार सुरू होतो. संच चांगला असतो, अँटेनाही बरी असते, आणि तरीही पहिल्याच दिवशी तक्रार येते की सगळ्यांचे ऐकू येते, पण आपले कोणाला नीट पोहोचत नाही. अशा वेळी संच दुरुस्तीला नेण्याची घाई करू नये. ऐकत असताना हा संच साधारण अर्धा अँपिअर घेतो आणि बोलण्याचे बटण दाबताच १० ते १२ अँपिअर ओढतो. त्यामुळे बारीक वायर, सैल थिंबल (वायरच्या टोकाचा जोड) किंवा गंजलेला अर्थ (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी केलेली जोडणी) यांपैकी कोणताही दोष ऐकताना जाणवत नाही. तो फक्त बोलताना उघडा पडतो. म्हणूनच बॅटरीवर मल्टीमीटर लावून १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ठीक आहे, हा निष्कर्ष चुकीचा असतो. व्होल्टेज संचाच्या मागच्या टोकाला, बटण दाबून धरलेले असताना मोजावे. बहुतेक संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि १५ टक्के कमी-अधिक, म्हणजे सुमारे ११.७ ते १५.९ व्होल्टपर्यंत चालतात. बटण दाबताच संच बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर व्होल्टेज या खालच्या मर्यादेच्याही खाली गेले असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून वीज घेणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ५० वॉटच्या संचाला बोलताना दीडशे वॉटच्या आसपास वीज लागते, आणि त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असून त्यामागची वायरही तेवढ्याच भाराच्या हिशेबाने घातलेली असते. फ्यूज उडतो म्हणून तेथे मोठा फ्यूज बसवणे तर निव्वळ धोक्याचे आहे. फ्यूज संचाचे नव्हे, वायरचे रक्षण करतो, आणि तो मोठा केल्यास डॅशबोर्डच्या आतली वायर आधी तापते. वीज थेट बॅटरीवरूनच घ्यावी.

वायर किती जाड असावी, हे अंदाजावर सोडू नये. बॅटरीपासून संचापर्यंत चार मीटर अंतर असेल, तर विजेचा जाण्या-येण्याचा मार्ग आठ मीटरचा होतो. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ११ अँपिअरला तेवढ्या लांबीत सुमारे दीड व्होल्ट वाया जातात. चार चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.४ व्होल्टपेक्षा कमी. दोन्हींच्या किमतीतला फरक संचाच्या किमतीपुढे नगण्य आहे.

फ्यूज बॅटरीजवळ, शक्य तितक्या कमी अंतरावर हवा. संचासोबत आलेला फ्यूज संचापाशी असतो, तेवढ्यावर अनेक जण समाधान मानतात. पण वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) येताना पत्र्याच्या कडेला घासली आणि आवरण फाटले, तर शॉर्ट सर्किट त्या फ्यूजच्या आधीच होते आणि बॅटरीची सगळी ताकद त्या वायरमधून वाहते. त्या भोकात रबरी ग्रोमेट (वायरला कडेपासून वाचवणारे कडे) असलाच पाहिजे. वायर कशीही ओढून नेऊ नये. खिडक्यांच्या वर टपाच्या कडेने आणि खांबांपाशी पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, तिच्या आडवी कोणतीही केबल जाता कामा नये.

निगेटिव्हचा प्रश्न जरा बारकाईने पाहण्याजोगा आहे. पूर्वी दोन्ही वायर बॅटरीच्या टर्मिनलवरच जोडण्याचा सल्ला दिला जाई. इंजिन सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर बहुधा करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याला वळसा घालून टर्मिनलवरच वायर लावली, तर बॅटरीतून किती वीज गेली याचा गाडीचा हिशेब चुकतो. अशा गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे जोडलेली असते, तिथे संचाची निगेटिव्ह द्यावी. टर्मिनलवरच दिली असेल, तर त्या वायरलाही फ्यूज हवा. बॅटरीची बॉडीकडे जाणारी केबल कधी सैल झाली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट अँटेनाच्या केबलच्या जाळीतून आणि संचाच्या निगेटिव्हमधून वाट काढू पाहतो.

मदतकार्यासाठी ट्रक किंवा बसमध्ये संच बसवणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. या वाहनांत दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि १२ व्होल्ट हवे म्हणून एकाच बॅटरीवरून वायर काढली जाते. त्यामुळे एक बॅटरी सतत कमी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन दोन्ही लवकर निकामी होतात. वरच्या, म्हणजे चॅसिसला (वाहनाच्या सांगाड्याला) थेट न जोडलेल्या बॅटरीवरून वीज घेतली, तर परिणाम आणखी वाईट: तिचे निगेटिव्ह टोक चॅसिसपेक्षा १२ व्होल्ट वर असते, संचाची पेटी त्या टोकाला जोडलेली असते, आणि अँटेनाचा माउंट चॅसिसला टेकताच थेट शॉर्ट सर्किट होते. येथे योग्य क्षमतेचा २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर वापरण्याला पर्याय नाही.

अँटेनाकडे वळू. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची काडी साधारण ५० सेंटिमीटरची असते, आणि तिच्या खाली सर्व बाजूंना जवळजवळ तेवढाच धातूचा पत्रा लागतो. टपाचा मध्य म्हणूनच सर्वोत्तम. डिकीच्या कडेवर क्लिप लावली, पण रंग खरवडून पत्र्याशी पक्का संपर्क साधला नाही, तर अँटेना कितीही महाग असली तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत येते हे दाखवणारे गुणोत्तर, जे कमी असावे) जास्तच राहतो. टप काचेचा किंवा फायबरचा असेल, तर चुंबकी माउंटचा उपयोग नाही.

एसडब्ल्यूआर एकाच फ्रिक्वेन्सीवर मोजून काडी कापायला घेणे, हीही नेहमीची चूक. कमी पॉवरवर, मोकळ्या जागी, दारे आणि डिकी बंद ठेवून १४४ आणि १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोजावे. १४४ ला कमी आणि १४६ ला जास्त असेल, तर काडी लांब आहे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कापावी, कारण साडेतीन मिलिमीटरने जवळजवळ एक मेगाहर्ट्झचा फरक पडतो. सर्वत्र सारखाच जास्त असेल, तर कापून काही साधणार नाही. दोष अर्थमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे. कोकणातल्या पावसात वापरणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते: केबलमध्ये पाणी शिरले, की परत येणारी ऊर्जा केबलच गिळते आणि मीटर उलट सुंदर आकडा दाखवतो. एसडब्ल्यूआर अचानक सुधारला आणि पोच घटली, तर केबल बदलावी.

बोलताना डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकत असतील, तर अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड (ऊर्जा हवेत न सोडता शोषून घेणारा भार) लावावा आणि पुन्हा बटण दाबावे. त्रास थांबला, तर लहरी अँटेनातून गाडीच्या वायरिंगमध्ये शिरत आहेत. अँटेना दूर हलवावी, केबलवर फेराइट (नको त्या लहरी अडवणारे चुंबकीय कडे) चढवावे. त्रास तसाच राहिला, तर तो विजेच्या वायरमार्गे येत आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी समोरच्याला आपल्या आवाजात ऐकू येत असेल, तर ती अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) असून बहुधा खराब अर्थामुळे संचापर्यंत पोहोचते. फिल्टर विकत घेण्याआधी सगळे अर्थ घासून घट्ट करावेत.

थेट बॅटरीवर जोडलेला संच किल्ली काढल्यावरही चालू राहतो. अर्ध्या अँपिअरने दोन दिवसांत २४ अँपिअर-तास खर्च होतात, आणि लहान मोटारीची बॅटरीच बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. संचात ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असेल, तर ती सुरू करावी. नसेल, तर किल्लीवर चालणारा, किमान ३० अँपिअरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) पॉझिटिव्ह वायरमध्ये फ्यूजनंतर बसवावा.