सांगलीहून टस्कनीला जाताय? फ्लॉरेन्स दोन तासांत उरकू नका

टूरवाल्यांच्या प्लॅनमधे इटलीतला टस्कनी प्रांत म्हणजे पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवून फोटो आणि फ्लॉरेन्समधे दुपारचे दोन तास, झालं. आम्ही मात्र मी, बायको आणि आई असे तिघं स्वतःच बुकिंग करून गेलो, पाच रात्री राहिलो, आणि आल्यापासून गल्लीतला प्रत्येकजण कसं काय केलं विचारतोय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी व्हिसा. शेंगेन म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो त्यामुळे शेवटपर्यंत ताणू नका, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो. जायचं तर एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑगस्टमधे ऊन आपल्यासारखंच आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथली निम्मी दुकानं सुट्टीवर.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा, फ्लॉरेन्सला, स्टेशनपासून चालत जाता येईल असा. रोमहून फास्ट ट्रेन दीड तासात सोडते. गाडी भाड्याने घ्यायचा मोह आवरा, जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरा नंबर टिपतो, दंडाचं पत्र मागाहून घरी येतं. लोकल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमधे शिक्का मारून घ्यायचा, आम्ही विसरलेलो, टीसीने आईकडे बघून सोडून दिलं.

तिकिटं ऑनलाइनच काढा. आपल्याकडे कासला फुलं बघायला स्लॉट घ्यावा लागतो ना, अगदी तसंच. मायकेलअँजेलोचा डेव्हिड अकादेमिया म्युझियममधे आहे, १५०१ ते १५०४ मधे केलेला, सतरा फुटी, आणि चौकात उभा आहे ती कॉपी, लोक तिच्यापुढेच फोटो काढून खूश होतात. अकादेमिया आणि उफ्फिझी हे चित्रांचं म्युझियम, दोन्ही सोमवारी बंद. ड्युओमो म्हणजे शहरातलं मुख्य चर्च, त्याचा घुमट ब्रुनेलेस्की या स्थापत्यकाराने १४२० ते १४३६ मधे खालून लाकडी आधार न देता चढवला, वर जायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसून आइस्क्रीम खावं, आईने तेच केलं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त कशाने धरून ठेवलं असेल तर पुराने. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात घुसली, आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याच्या पाट्या अजून भिंतींवर लावलेल्या आहेत, कित्येक तर आपल्या डोक्याच्या वर. सांता क्रोचे चर्चमधे चिमाबुए या चित्रकाराचं क्रूसावरच्या येशूचं जुनं चित्र आहे, त्याचा कितीतरी रंग त्या पाण्यात गेला. चिखलातून पुस्तकं, चित्रं बाहेर काढायला देशोदेशीची कॉलेजची पोरं आली होती, त्यांना तिथे चिखलातले देवदूत म्हणतात. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलावरची पातळी तासातासाला फोनवर बघत बसलेल्या माणसाला ती पाटी बघून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. पोंते वेक्किओ हा सोनारांचा पूल मात्र त्या पुरातही टिकला, आणि त्याआधी १९४४ मधे जर्मनांनी माघार घेताना बाकीचे पूल उडवले तेव्हाही एवढाच वाचला.

आता जे गाइड दाखवतीलच असं नाही ते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समधे वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, आणि १८७४ पासून तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, फेटा-दागिन्यांसकट. जागा काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला, बाग लांबलचक आहे म्हणून सायकल घ्या. शेजारच्या पुलाचं नावच पोंते अल्लिंदिआनो, म्हणजे त्या भारतीय माणसापाशचा पूल. आईने चपला काढून नमस्कार केला, कुत्रं फिरवणारी एक बाई थांबून बघत राहिली.

सिएनाला ट्रेनपेक्षा बस बरी, वरती गावाजवळ सोडते, रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे. शिंपल्यासारखा उतरता चौक, तिथे २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोड्यांची शर्यत. सतरा मोहल्ले पण एका वेळी घोडे दहाच, आणि ईर्ष्या आपल्या बैलगाडा शर्यतीसारखीच. कॅथेड्रल अजून मोठं करायला घेतलेलं पण १३४८ च्या प्लेगने काम बंद पडलं ते पडलंच, ती अर्धवट भिंत तशीच उभी आहे.

बस जाते तो किआंतीचा डोंगराळ भाग खिडकीतून नीट बघा. तासगावच्या मांडवांची सवय असल्यावर तारेवर बांधलेली ती ठेंगणी द्राक्षं पोरखेळ वाटतात, पण ती सान्जोव्हेझे जातीची, वाइनसाठीच लावलेली, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. पिसा अर्ध्या दिवसात होतं, त्याच दिवशी लुक्का करा, गावाभोवतीच्या चार किलोमीटर तटावर सायकल चालवता येते.

जेवणाचं, शाकाहारी असाल तर पिसात चेचीना मागा, हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं धिरडंच. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि भाजी घालून शिजवलेलं, पण आत मांस नाही ना विचारून घ्या. गाड्यावर लाम्प्रेदोत्तो दिसलं तर ते गाईचं पोट आहे, पुढे चला. आणि तिथल्या पावात मीठच नसतं, पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं बेकरीवाला विसरला, शेंगदाण्याची चटणी न्या, दोन पाकिटं.