सॅन स्टॉर्मचे टेम्परेचर सेन्सर बदलण्याआधी

गाडी आदल्या रात्रीच लावून ठेवा आणि सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कामाला हात घाला. गरम कूलंट दाबाखाली असतो, झाकण सैल केलं की उसळून अंगावर येतो.

आमची स्टॉर्म गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबर बॉडीची, आत रेनॉचं १,१४९ सीसी इंजिन. साताऱ्यात दुकानात तिचं नाव सांगून काही मिळत नाही. म्हणून जुन्या सेन्सरचा फोटो, त्यावरचा नंबर, आट्यांचं माप आणि कनेक्टरला पिना किती, हे लिहून न्या. नवा सेन्सर हातात आल्याशिवाय जुना खोलू नका.

पण बदलायचा कोणता? जुन्या गाड्यांत बहुधा डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) वेगळा, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, सेन्सर वेगळा आणि पुष्कळदा फॅनचा स्विचही वेगळा. पहिले दोन थर्मोस्टॅटच्या हाउसिंगपाशी किंवा इंजिनच्या हेडवर शोधा, फॅनचा स्विच रेडिएटरवर. एकच वायर असेल तर बहुतेक तो काट्याचा, दोन पिना असतील तर ईसीयूचा. काटा नीट चालतो पण सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो, पेट्रोलचा वास येतो, तर संशय ईसीयूच्या सेन्सरवर घ्या.

सर्वांत महत्त्वाचं काम अर्थिंगचं. एका वायरचा सेंडर आपली अर्थ आट्यांमधून इंजिनकडून घेतो. पत्र्याच्या गाडीत बॉडीवर कुठेही अर्थ मिळते, फायबरला करंट वाहतच नाही. सगळी मदार चॅसिस, इंजिन आणि बॅटरी जोडणाऱ्या पट्ट्यांवर. गेल्या पावसाळ्यानंतर माझा काटा हेडलाइट लावले की वर चढायचा. गॅरेजमध्ये दोनदा सेंडर बदलून झाला, पैसे गेले, आणि दोष निघाला इंजिनच्या गंजलेल्या अर्थच्या पट्टीत. म्हणून पॉलिश पेपर आणि वायर ब्रश आधी काढून ठेवा, टोकं चकचकीत घासा, मगच सेन्सरला दोष द्या. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, अर्थ तुटते. सीलिंगला नवा तांब्याचा वॉशर पुरतो.

ईसीयूचा सेन्सर घरीच तपासता येतो. मल्टीमीटर, स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि पातेल्यात पाणी एवढंच लागतं. गार असताना बहुतेक सेन्सर दोन ते तीन हजार ओहम दाखवतात, ८० अंशांना साधारण तीनशे. पाणी तापेल तसा आकडा सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला. उकळतं पाणी म्हणजे १०० अंश असं धरू नका. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. थर्मामीटर त्यासाठीच.

बाकी सामान थोडं आहे: बरोबर मापाचा डीप सॉकेट, कनेक्टरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर, खाली धरायला पसरट घमेलं, नवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको. सांडलेला कूलंट लगेच पुसा. तो गोडसर लागतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांना तो विषारी असतो. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे सेन्सर आधी हातानं दोन-तीन आटे चढवा, मग बेतानं आवळा. आटे गेले तर दुरुस्ती मोठी होते.

भरून झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंटमध्ये अडकलेली एअर काढा. गाडी जागेवर चालू ठेवून फॅन लागतो का ते पाहा. मग साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून या, कासपर्यंत जायची गरज नाही. चढावर काटा स्थिर राहिला, वर थांबल्यावर फॅन लागून बंद झाला, की परत फिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर कूलंटच्या टाकीतली पातळी पाहा, थोडी उतरलेली असेल. तेवढ्यासाठी उरलेला कूलंट टाकून देऊ नका.