स्पर्धा परीक्षेतून बाहेर पडताना करिअर कोचची मदत : माझा अनुभव

यूपीएससीत खुल्या गटाला वयाची ३२ वर्षं आणि सहा अटेंप्ट, त्यानंतर दार बंद. एमपीएससीत बहुतेक पदांसाठी ही मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांची आहे. म्हणजे थांबायचं कधी, हे आयोग लवकर सांगत नाही. आपलं आपणच ठरवायचं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत तिशी ओलांडलेली एवढी मुलं दिसतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि लोक समजतात तसा त्यात आळस नसतो. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. वर्षानुवर्षं बहुपर्यायी प्रश्नांवर हात बसवलेल्यांपुढे प्रश्न आला : पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं की निघायचं? मीही त्यांच्यातलाच. त्या काळात मी एका करिअर कोचसोबत काम केलं. ज्यांच्या मनात ‘प्लॅन बी’ घोळतोय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कोच कशाला, मित्र आहेत की, असं मलाही वाटायचं. पण आपल्या आजूबाजूचा प्रत्येक माणूस आपल्या निर्णयात कुठेतरी अडकलेला असतो. अण्णांनी सोयाबीनच्या पैशातून मेस आणि खोलीचं भाडं भरलेलं. त्यांच्यासाठी मी थांबणं म्हणजे तो खर्च बुडणं. रूममेटला मी गेलो तर स्वतःच्या निर्णयाकडे बघावं लागणार. पोस्ट निघालेला मित्र ‘अजून एक दे’ म्हणतो, कारण त्याचं त्या ‘अजून एक’मध्येच झालेलं असतं. क्लासवाल्यांचं तर सांगायलाच नको. यातलं कुणी वाईट नाही. फक्त माझं काहीही ठरलं तरी ज्याचं काही जात-येत नाही, असा माणूस मला हवा होता. कोचच्या फीमध्ये आपण मुख्यतः तेवढंच विकत घेतो, आणि ते कमी नाही.

माझ्या कोच मॅडमना एमपीएससीतलं काही ठाऊक नव्हतं. कंबाईन (संयुक्त परीक्षा) म्हणजे काय, एसटीआय (राज्य कर निरीक्षक) आणि एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) यांत फरक काय, सगळं मला पहिल्यापासून सांगावं लागलं. सुरुवातीला चिडचिड झाली. मग लक्षात आलं की ‘कटऑफ थोडक्यात हुकला’ हे वाक्य अभ्यासिकेत टाकलं की सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. इथे समोरून प्रश्न यायचा, ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ आणि मला खरं उत्तर शोधावं लागायचं.

त्यांचा एक प्रश्न मी अजून इतरांना विचारतो. ‘पोस्ट मिळाली असं धरू. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत असाल?’ मी सांगायला लागलो ते सत्काराचं, गावातल्या बॅनरचं, अण्णांच्या चेहऱ्याचं. अकरा वाजताचं काम काही सांगता येईना. पुढच्या भेटीपर्यंतचं काम ठरलं : नोकरीत असलेल्या सीनियर लोकांना फोन करून त्यांचा मंगळवार विचारायचा, आणि तयारी सोडून दुसरीकडे गेलेल्यांचाही. एका एसटीआयने जीएसटीच्या फायली आणि नोटिसा यांचं इतकं मन लावून वर्णन केलं की त्याला ते काम आवडतं हे कळलं, आणि मला आवडणार नाही हेही.

याच्या उलट बाजूने काही गोष्टी वर आल्या. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल आला की त्यातली कोष्टकं मी परीक्षेला लागतील त्याहून जास्त वाचायचो. ज्युनियर मुलांना पंचायत राज समजावून सांगताना वेळेचं भान राहायचं नाही. जीआर वाचून त्यातली मेख काढता यायची. हे सगळं मी ‘अभ्यास’ या एकाच खात्यात टाकलं होतं. बायोडेटात ती वर्षं ‘गॅप’ म्हणून दाखवायची की या कामांच्या नावाने मांडायची, यावर आम्ही बराच वेळ घालवला. आज मी ग्रामीण भागात काम करणाऱ्या एका संस्थेत पाणलोट कामांच्या नोंदी आणि मूल्यमापन बघतो. ही नोकरी मॅडमनी मिळवून दिलेली नाही. कोच नोकरी लावून देत नसतो, आणि देतो म्हणाला तर उठून यावं.

सगळ्यात अवघड भाग घरचा. अण्णांशी कसं बोलायचं याची आम्ही तालीम केली. मॅडमनी वाक्यं लिहून दिली नाहीत. त्या अण्णा झाल्या आणि मी बोललो. दर वेळी मी पहिल्या मिनिटातच सफाई द्यायला लागायचो. प्रत्यक्षात अण्णांनी विचारलं, ‘मग एवढ्या वर्षांचं काय?’ मी म्हटलं, ‘ती वाया गेली नाहीत, पण पुढची जातील.’ ते उठून गोठ्याकडे गेले. दोन दिवसांनी आईकरवी निरोप आला, पगार किती आहे विचार त्याला. आमच्याकडे होकार असाच येतो.

आता निवडायचं कसं. आपल्याकडे ‘कोच’ ही पाटी लावायला कुठलाही परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ मध्ये सुरू झालेली संस्था तीन पातळ्यांचं प्रमाणपत्र देते. पहिल्या, एसीसी पातळीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो; पीसीसीला १२५ आणि ५००; एमसीसीला २०० आणि २,५००. त्यांच्या संकेतस्थळावर नाव तपासता येतं. प्रमाणपत्र म्हणजे हमी नव्हे, पण विचारल्यावर समोरचा कसा उत्तर देतो त्यावरून बरंच कळतं. बरेच कोच पहिली ओळखीची भेट फुकट देतात. त्या भेटीत कोण जास्त बोललं ते बघा. तो जास्त बोलला असेल तर पुढे जाऊ नका. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. ते दुकान वेगळं. पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला मध्येच थांबलो तर किती परत मिळतील ते आधी लेखी विचारा.

एक गोष्ट मात्र कोचकडे नेऊ नका. झोप उडालीये, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. अभ्यासिकांमध्ये हे जेवढं आहे तेवढं कुणी बोलत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. चांगला कोच स्वतःच तुम्हाला तिकडे पाठवतो.

पैशांचं म्हणाल तर नावाजलेल्या कोचची फी विद्यार्थ्याला झेपत नाही. पण वर सांगितलेले १०० तास भरायचे असल्यामुळे शिकत असलेले कोच कमी पैशात, कधी फुकटही काम करायला तयार असतात. त्या १०० पैकी ७५ तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात, पण मोबदला किती असावा याचं बंधन नाही. म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला सरळ विचारा, सध्या कुणाचे तास भरायचे बाकी आहेत का. मला मॅडम अशाच मिळाल्या.